परभणीचं पाणी आणि माझा षटकार

अलिबागची माणसं पाण्याचे उपचार घ्यायला परभणीला जात नाहीत. जातात ती उलट दिशेनं. परभणीची माणसं आमच्याकडे येतात, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्रात उभी राहतात आणि लाट आली की ओरडतात. म्हणून मी जेव्हा घरात जाहीर केलं, की मी पाण्याच्या उपचारांसाठी परभणी जिल्ह्यात चालले आहे, तेव्हा नवऱ्यानं आधी खिडकीतून समुद्राकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"तिकडे पाणी असतं?" त्यानं विचारलं.

"असतं. आणि तिथलं गोड असतं," मी म्हणाले आणि बॅग भरायला घेतली. डाव्या हातानं. उजवा हात हाच तर सगळा घोटाळा होता.

मी शाळेत पीटी शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांत पंच म्हणून उभी राहते. आमच्या तालुक्यात हे खूळ भाताइतकंच घरोघर आहे. गेल्या वर्षी माझा उजवा खांदा गोठला. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, घाबरू नका, हळूहळू सुटतो, व्यायाम करा, शेक द्या, धीर धरा. पहिल्या दोन गोष्टी मी केल्या. तिसरी मला जमत नाही.

आता ज्यांना क्रिकेट कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. षटकार गेला की पंचानं दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ उभे करायचे असतात. वाइड असला की दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरायचे. माझा उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा आणि तिथंच संप पुकारायचा. एक हात आभाळात आणि एक आडवा, हे चौकातल्या वाहतूक पोलिसासारखं दिसेल म्हणून एका सामन्यात मी दोन्ही हात सारख्याच उंचीवर धरले. फलंदाजानं चेंडू नारळीच्या बागेत मारला होता. गुणलेखकानं माझ्याकडे पाहिलं आणि वाइडचा एक रन लावला! दोन्ही संघ माझ्या अंगावर धावून आले, एक रागानं आणि एक आनंदानं.

आमच्या स्पर्धेचे सेक्रेटरी सज्जन माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, फायनलला तुम्हीच उभं राहायचं असं ठरलंय. आजवर बाईमाणूस फायनलला उभं राहिलं नाही. पण हात वर गेला पाहिजे. नाहीतर यंदा टेबलावर बसा." टेबलावर म्हणजे गुणलेखकाशेजारी, पाण्याच्या बाटल्या सांभाळत. मला तेव्हा रडू आलं. फायनल महिन्यावर होती.

त्याच संध्याकाळी वैशालीचा फोन आला. वैशाली माझी कॉलेजच्या संघातली यष्टीरक्षक. पुढे ती निसर्गोपचाराची डॉक्टर झाली, लग्न होऊन परभणीला गेली आणि ताडकळसच्या रस्त्यावर शेतातच एक लहानसं उपचार केंद्र चालवते. मूळची पेणची, पण आता तिची भाषा पार बदलली आहे.

"कामून रडायलीस?" ती म्हणाली. "इकडं ये. पाणी आणि मालिश, दोन्ही करू. जादू करीन म्हणत न्हाई, पण हात सध्या आहे तिथून पुढं नेऊ."

थंडीचं स्वागत

परभणी स्टेशनवर पहाटे उतरले आणि माझे दात वाजायला लागले. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर ठेवायचा. इथली थंडी कानांतून शिरते. स्टेशनबाहेर माणसं शेकोटीभोवती बसली होती. मला बघून एकानं सरकून जागा केली आणि "बसा ताई" म्हणाला. ओळख ना पाळख! मी बसले. वैशाली गाडी घेऊन आली तेव्हा मी त्या मंडळींना अलिबागच्या मासळीचे भाव सांगत होते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, हिरवी ज्वारी आणि वाळत आलेली तूर. वेचणी झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या. आमच्याकडची लाल माती, डोंगर, गर्द झाडी यांची सवय झालेल्या डोळ्यांना एवढं मोकळं आभाळ बघून आधी चुकल्यासारखं वाटलं आणि मग एकदम श्वास मोठा झाला. मी गाडीची काच खाली केली. वैशालीनं ती परत वर केली.

केंद्र म्हणजे चार खोल्या, एक विहीर, पत्र्याच्या छपराखाली छातीइतक्या पाण्याचा सिमेंटचा हौद आणि त्याच्या शेजारी तांब्याचे दोन मोठे बंब, त्यांत पऱ्हाट्या धडधडत होत्या. छपरावर सौर हीटरही आहे, पण या दिवसांत पहाटेला त्याचं काही चालत नाही. दार उघडल्याबरोबर धुराचा आणि तिळाच्या तेलाचा वास आला. मला तिथंच निम्मं बरं वाटलं.

"आधी नाश्ता. सुशीला आहे," वैशाली म्हणाली.

सुशीला कोण, स्वयंपाकीण का, असं मी विचारलं. मग समोर फोडणी दिलेल्या भिजवलेल्या चुरमुऱ्यांची ताटली आली, वर शेंगदाण्याचं कूट, कोथिंबीर. तिचं नाव सुशीला! मी दोनदा घेतली. मग कळलं की उपचाराआधी पोट हलकं लागतं, आणि माझा पहिला उपचार त्यामुळे दुपारवर ढकलला गेला.

इसण

मालिश करणाऱ्या कौसाबाई माझ्याच वयाच्या, उंच, कपाळाला मोठं कुंकू आणि आवाज शेताच्या त्या टोकाला पोचेल असा. वैशालीनं ओळख करून दिली, "ही शुभांगी. पंच आहे."

"कोन्या गावच्या पंच?" कौसाबाईंनी लगेच विचारलं. "बरं झालं आल्या. आमच्या बांधाचा एक तंटा हाय."

त्यांना मी क्रिकेटचं समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. चेंडूसाठी पंच कशाला लागतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मी खुर्चीवर बसून खांदा पुढे केला आणि म्हटलं, चला, करा मालिश. मला घाई होती. कौसाबाईंनी हाताची घडी घातली. "असं कोरडं न्हाई करत मी. आदी पाणी."

मग वैशालीनं समजावलं. तिच्या बोलण्यात अजून ती यष्टीमागून ओरडायची तसली ऐट आहे. गरम पाण्यात अंग बुडालं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त फिरतं, दुखऱ्या सांध्याला सांभाळायला म्हणून आवळून बसलेले स्नायू सैल पडतात. मग मालिश करणाऱ्या बोटांना जोर लावावा लागत नाही. न भिजवलेली डाळ शिजवायला घेतली तर गॅसही जातो आणि डाळही बोटचेपी होत नाही, तसं. शेवटी थोडा वेळ गार पट्टी, म्हणजे रुंदावलेल्या वाहिन्या आवळतात आणि नंतरचा ठणका कमी होतो. तिनं माझं ब्लडप्रेशर तपासलं, साखरेचं विचारलं. पायाला बधिरपणा असलेल्या माणसाला ती गरम पाण्यात बसूच देत नाही, कारण भाजलं तरी त्याला कळत नाही.

एवढं सगळं ऐकून मी टबाच्या खोलीत गेले. टब वाफाळत होता. कट्ट्यावर एका पितळी वाटीत डाळीचं पीठ होतं. दाराबाहेरून कौसाबाईंचा आवाज आला, "ताई, आदी इसण टाका, मंग बसा!"

बेसन टाका. मला वाटलं, वा, काय पद्धत आहे. कातडी मऊ होत असणार. मी अख्खी वाटी टबात ओतली, हातानं ढवळायचाही आळस केला आणि धाडकन बसले.

मी कशी बाहेर आले ते मला आठवत नाही. किंचाळी मात्र आठवते, कारण ती विहिरीवर पाणी भरणाऱ्यांनीही ऐकली. कौसाबाई दार ढकलून आत आल्या. मी टॉवेल गुंडाळून लालबुंद उभी आणि टबात पिवळं, गुठळ्या झालेलं पाणी.

"अगं माय! हे काय केलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, बेसन टाका!"

"इसण म्हनलं मी! इसण!" त्यांनी कोपऱ्यातली गार पाण्याची बादली दाखवली.

विसण. कढत पाण्यात अंगाला सोसेल एवढं गार पाणी घालतात, ते. माझी आजी म्हणायची हा शब्द. घरात गीझर आला, दोन तोट्या आल्या, आणि शब्द माझ्या कानातून पुसला गेला. इथं मात्र पद्धतच अशी आहे, की ज्याचं इसण त्यानं घालायचं. "एकाला ऊन लागतं ते दुसऱ्याला कढत लागतं. तुमच्या अंगाचं आमाला काय ठावं?" कौसाबाई म्हणाल्या. पीठ होतं मालिशनंतर तेल काढायला.

वैशालीनं आम्हा दोघींना झापलं. नव्या माणसाचं पाणी आधी तू बघायचं, असं कौसाबाईंना, आणि न विचारता काही ओतायचं नाही, असं मला. नशीब, भाजलं नव्हतं, नुसती लाल झाले होते. संध्याकाळी ताटात पिठलं वाढलं गेलं तेव्हा पंगतीत एकही माणूस सरळ चेहऱ्यानं जेवत नव्हता. मीसुद्धा नाही. पिठलं मात्र फर्मास होतं, ज्वारीच्या भाकरीबरोबर आणि वर कच्चं तेल घातलेल्या लाल चटणीबरोबर.

हौदात

दुसऱ्या दिवशी हौदात उतरले आणि मला वेड लागायचं बाकी राहिलं!

समुद्रात मी लहानपणापासून पोहते. पण समुद्र आपल्याला ढकलतो, खेचतो, त्याच्याशी झगडावं लागतं. हे कोमट, थांबलेलं पाणी छातीपर्यंत आलं आणि हात कुणीतरी खालून उचलून धरावा तसा तरंगून वर आला. मी उचललाच नाही. वैशाली काठावर बसून सांगत होती, "श्वास सोड. हात वर न्यायचा प्रयत्न करू नको. पाण्याला नेऊ दे." पाण्यात शरीराचं वजन हलकं होतं, आणि पाणी चारी बाजूंनी सारखं दाबतं, म्हणून सूजही उतरते, असं ती म्हणाली. मी ऐकत नव्हते. मी माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. गुडघे वाकवून मी गळ्यापर्यंत खाली बसले, आणि हात खांद्याच्या वर होता, पाण्याच्या पृष्ठभागावर शांत पहुडलेला. कित्येक महिन्यांत तो तिथं गेला नव्हता.

"वैशू, षटकार!" मी ओरडले.

"षटकार न्हाई, अजून चौकारच आहे," ती म्हणाली. "पाण्याबाहेर बघू."

बाहेर आल्यावर तो परत आडवाच. पण आता मालिश. कौसाबाई आधी मानेच्या मुळाशी, मग खांद्याच्या फऱ्याच्या कडेनं, मग दंडावर अंगठा फिरवायच्या आणि सारखं विचारायच्या, "कसं हाय? कढत का ऊन?"

मला वाटलं तेलाबद्दल विचारतात. नाही, दुखण्याबद्दल! वैशालीनं आधी शून्य ते दहा आकडे सांगायची पद्धत ठेवली होती. पण इथल्या बायका कधी तीन म्हणायच्या, कधी तेरा. मग कौसाबाईंनी पाण्याचीच मापं लावली. सोसत नाही ते कढत. सोसतं पण कळतं ते ऊन. दुखतंय की नाही असं वाटायला लावतं ते कोमट. कढत म्हटलं की त्या तिथल्या तिथं हात काढायच्या. ऊन असेल तर तिथंच रेंगाळायच्या.

"ऊनच पायजे," त्या म्हणायच्या. "ऊनातच ढिलं व्हतं."

केंद्रात पुरुषांची पाळी वेगळी असे. त्यांच्यातले झरीचे माणिकराव, गव्हा-हरभऱ्याचे मोठे शेतकरी, कंबर धरली म्हणून आलेले, व्हरांड्यात माझ्याशी क्रिकेट बोलायला टपून बसायचे. ते झरीच्या संघाचे गुणलेखक. पळता येत नाही म्हणून लिहितो, म्हणायचे. मी वाइडचा किस्सा सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, कसूर लिहिणाऱ्याची न्हाई. पंच जे दाखवील ते लिहायचं. मी पन वाइडच लिहिला असता."

मला राग आला, पण ते बरोबर होते. आणि मग त्यांनीच सुचवलं, "पुढच्या रविवारी ताडकळसला आमचा सामना हाय. लिहायला मीच. उभ्या राहता का?"

मी हो म्हणाले. वैशाली नको म्हणाली. मी पुन्हा हो म्हणाले.

ताडकळसचा बाजार आणि एक आगाऊपणा

रोज हौद, मालिश, गार पट्टी, मग हलका व्यायाम. हात रोज थोडा वर. भिंतीवर मी बोटं चालवत न्यायचे आणि जिथवर पोचले तिथं कोळशानं रेघ मारायचे. वैशालीची भिंत पार खराब केली.

मग बाजाराचा दिवस आला. कौसाबाईंबरोबर एसटीनं ताडकळसला गेले. काय बाजार! ओल्या हरभऱ्याच्या जुड्या, आंबट चुका, बोरांचे ढीग, मिरच्यांचा खकाणा. एका बाईनं मला विकत घ्यायच्या आधीच ओंजळभर बोरं खायला दिली आणि कुठल्या गावच्या म्हणून विचारलं. समुद्राजवळची म्हटल्यावर तिनं विचारलं, "मंग इकडं काय करायलाव?" पाण्याच्या उपचाराला आले म्हटल्यावर तिनं शेजारणीला हाक मारून माझा चेहरा दाखवला.

येताना एसटीत गर्दी होती. वरची दांडी दिसली आणि मला हुक्की आली. भिंतीवर एवढी रेघ वर गेली आहे, तर दांडी का नाही? मी उजवा हात वर केला. पोचला! दांडी हातात आली. मी कौसाबाईंकडे विजयानं बघितलं आणि नेमक्या त्याच वेळी ड्रायव्हरनं समोरच्या म्हशीसाठी करकचून ब्रेक दाबला.

कढत. त्याहून कढत. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

केंद्रावर येईपर्यंत हात पोटाशी धरून बसले. वैशालीनं तपासलं. काही फाटलं नव्हतं, पण स्नायू पुन्हा दगड झाले होते. त्या संध्याकाळी गरम पाणी बंद, नुसत्या गार पट्ट्या. "ताज्या हिसक्यावर गरम न्हाई द्यायचं," ती एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. भिंतीपाशी जाऊन बघितलं तर बोटं पहिल्या रेघेपाशी थांबली. मी तिथंच भिंतीला टेकून रडले. फायनल गेली, असंच वाटलं.

कौसाबाई चहा घेऊन आल्या. "आज कढत हाय," त्या म्हणाल्या. "इसण टाकायला लागतंय. एकदम न्हाई, थोडं थोडं. ज्या दिशी तुमी कोमट म्हनाल, त्या दिशी मी हुरडा खाऊ घालीन."

आणि तसंच केलं त्यांनी. आधी नुसता गार, मग एकदा गरम एकदा गार असा आलटून पालटून शेक, त्यानं रक्त पंपासारखं ये-जा करतं म्हणे, मग परत हौद, आणि शेवटी त्यांची बोटं. मी पहिल्यांदाच कुणी सांगितलेलं सगळं ऐकलं. वैशालीनं कोळसा लपवून ठेवला होता, त्यामुळे हात कुठवर जातो ते मलाही माहीत नव्हतं.

रविवार

ताडकळसबाहेर कापणी झालेल्या रानात खेळपट्टी. कडेला ट्रॅक्टर, त्याच्यावर बसलेले प्रेक्षक. झरी विरुद्ध ताडकळस. माणिकराव खुर्चीत, कमरेला पट्टा, समोर खडूनं लिहायचा फळा. वैशाली आणि कौसाबाई बाभळीखाली. वैशालीनं मला बजावलं होतं, दुखलं तर डाव्या हातानं दाखव, मी सगळ्यांना सांगून ठेवते. मी मान हलवली होती.

सामना सुरू झाला आणि मी सगळं विसरले! काय खेळतात! एक गोलंदाज चपला काढून पळत यायचा. यष्टीरक्षक सारखा "लय भारी, लय भारी" करायचा, चेंडू त्याच्या हातून सुटला तरी. वाइड तीन-चार गेले. ते मी झोकात दिले, त्यात माझा हात कोण धरणार?

मग झरीच्या एका दणकट गड्यानं चेंडू उचलला. मी मान वर केली. चेंडू ट्रॅक्टरवरून, बाभळीवरून थेट तुरीत.

सगळं रान माझ्याकडे बघायला लागलं. ताडकळसचे लोक ओरडायला लागले, की कडेच्या आत टप्पा पडला. झरीचे ओरडायला लागले की नाही. माणिकराव खडू हातात धरून माझ्याकडे बघत होते. पंच जे दाखवील ते.

मी दोन्ही हात उचलले. डावा सहज गेला. उजवा आडवा झाला आणि थांबला. वाइड. मला नारळीच्या बागेतल्या त्या षटकाराचा सगळा गोंधळ दिसला. मग मी श्वास सोडला, पुरता सोडला, हौदात सोडायचे तसा. तळवा वर फिरवला. न्यायचा प्रयत्न केला नाही. हात निघाला. कानापाशी आला, अडखळला, कोपर वाकलं, आणि डोक्याच्या वर जाऊन उभा राहिला. डाव्याइतका सरळ नव्हता. पण वर होता, आभाळात होता!

"सिक्स!" माणिकराव खुर्चीतून कमरेसकट उठून ओरडले आणि फळ्यावर भलामोठा सहा काढला.

ताडकळसवाल्यांनीही पुढे काही वाद घातला नाही. ते चेंडू शोधायला तुरीत शिरले. मी मात्र तशीच उभी, दोन्ही हात वर, डोळ्यांतून पाणी गळतंय. हात खाली घेतला तर पुन्हा वर जाणार नाही, अशी भीती वाटत होती.

शेवटी कौसाबाईच पदर खोचून भर मैदानात चालत आल्या. पंचाशी खेळ चालू असताना बोलायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझं वाकलेलं कोपर खालून हातात धरलं, पाणी धरायचं तसं, आणि हळूच खाली आणलं.

"कसं हाय?" त्यांनी विचारलं. "कढत का ऊन?"

मी खांद्याला विचारलं. खरंच विचारलं.

"कोमट," मी म्हणाले.

कौसाबाई बाभळीकडे वळल्या आणि शेताच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "डॉक्टरीनबाई, आगटी पेटवा! हुरडा भाजायचाय!"